कंपनीच्या आधीचा ‘ए’

इंग्रजी भाषेत ‘ए’ नावाचा एक शब्द आहे. शब्द कसला, शब्दाचं पिल्लू. आपल्या मराठीत तो नाही आणि नसल्यामुळे आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. आपण ‘गाय आली’ म्हणतो आणि गाय येते. इंग्रजाची गाय मात्र ‘ए’ लावल्याशिवाय गोठ्यातून हलत नाही. बरं, हा ‘ए’ सरसकट सगळ्यांना लावावा, तर तेही नाही. गाईला लावायचा, दुधाला लावायचा नाही. का, तर गाय मोजता येते आणि दूध मोजता येत नाही. ‘मग गवळी रोज काय करतो?’ असं वर्गात दरसाल कुणीतरी विचारायचं आणि मी दरसाल त्याला डोळे वटारून खाली बसवायचो. मोजता येणारी नामं आणि न मोजता येणारी नामं हा माझा हातखंडा धडा होता. चव्वेचाळीस साली माझी अब्रू टांगणीला लागली ती याच धड्यापायी, दुसऱ्या कुठल्या धड्यानं लागली असती तर इतकं वाईट वाटलं नसतं.

आमचं गाव उंब्रजहून आत. गावात मराठी शाळा होती, पण इंग्रजीचा वर्ग गावकऱ्यांनी हौसेनं काढलेला आणि त्याचा मी एकटा मास्तर. वर्ग भरायचा सुभेदार नाथाजीरावांच्या गुऱ्हाळात. पोरं चुलवाणाच्या कडेनं बसायची आणि मी पालथ्या घातलेल्या काहिलीच्या काळ्याकुट्ट बुडावर खडूनं लिहायचो. अडचण एवढीच, की ऊस तोडीला आला की गुऱ्हाळ सुरू व्हायचं आणि माझ्या फळ्यात रस उकळायला लागायचा. तेवढे महिने इंग्रजी बंद. विद्याखात्यानं यंदा निक्षून सांगितलं होतं, की स्वतःची खोली असेल तर वर्ग, नाहीतर वर्गाला कुलूप. खोलीच नाही तर कुलूप कशाला लावणार, हे मी विचारलं नाही. सरकारी माणसाला असं विचारू नये.

वर्ग बंद पडला तर माझं काय करायचं, हे आमच्या लीलाबाईंनी, म्हणजे कुटुंबानं, आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांचे थोरले बंधू बाळासो यांची सांगलीला हळदीची पेढी. बाळासो दर दिवाळीला यायचे, माझ्या मळक्या कोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, “या की दाजी सांगलीला. तराजू धरायला इंग्रजी येणारा मानूस असला तर पेढीची शोभा वाढतीया.” शोभा! मॅट्रिक झालेला माणूस मेव्हण्याच्या पेढीवर कानापर्यंत पिवळा होऊन बसणार आणि येणारे-जाणारे अडते विचारणार, हे कोण? बाळासोंचे दाजी. शिकलेले हायेत. ही कल्पना मनात आली की मी भरल्या ताटावरून उठायचो.

तेव्हा खोली मिळवायचीच असं ठरलं. साताऱ्यात पलटणीतल्या लोकांच्या घरादारांचं भलं बघणारे एक कर्नलसाहेब होते. ज्या गावातून माणसं लढाईवर गेलीत त्या गावाला ते काही ना काही बांधून देत. आमच्या गावातलं तर उंबऱ्यागणिक एकेक माणूस लढाईवर. सुभेदार म्हणाले, “सायबाला गावात आनायचा, पोटभर जेवू घालायचा आन् त्यो सुपारी चघळाय लागला की खोली मागायची. भरल्या पोटाचा सायेब न्हाई म्हनत न्हाई.” आणि आमंत्रणाला अर्थातच मी.

साताऱ्यापर्यंत मी माझी वाक्यं पाठ करत गेलो. पण वाक्यं पाठ करण्यात एक धोका असतो. आपलं वाक्य संपलं की समोरचा बोलायला लागतो आणि त्याचं आपण पाठ केलेलं नसतं. कर्नलसाहेब उंच, लालबुंद, तोंडात चिरूट. त्या चिरुटाच्या कडेनं जे इंग्रजी बाहेर आलं ते मी पुस्तकात कधी पाहिलं नव्हतं. रविवार एवढं कळलं. आणि शेवटचं वाक्य लख्ख कळलं, “डिलाइटेड! आय शॅल ब्रिंग कंपनी.”

मी वाकून नमस्कार केला आणि तरंगत गावी आलो.

सुभेदारांच्या ओट्यावर गाव जमलं होतं. मी सगळी मुलाखत साग्रसंगीत सांगितली. जे कळलं नव्हतं तिथे साहेबाच्या तोंडी मीच बरी बरी वाक्यं घातली. शेवटी म्हणालो, “आणि साहेब म्हणाले, आय शॅल ब्रिंग कंपनी.”

सुभेदार ताठ झाले. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस. “परत म्हना.”

मी परत म्हणालो.

“कंपनी घेऊन येनार?”

“हो. ब्रिंग म्हणजे आणणे.”

“त्ये ठावं हाय मला. आवं मास्तर, कंपनी म्हंजे सव्वाशे जवान! सायेब कंपनी घेऊन आपल्या गावात जेवाय येतोय!”

ओट्यावर जो गलका झाला त्यात मला एक बारीकशी शंका चाटून गेली. पण लष्करी बाबतीत सुभेदारांपुढे मी काय बोलणार? शिवाय तोपर्यंत दोघातिघांनी माझी पाठ थोपटली होती. थोपटलेली पाठ परत देता येत नाही.

झालं. सव्वाशे माणसांचं जेवण. लढाईचे दिवस, धान्यावर नियंत्रण, सरकारनं लेव्हीच्या नावानं कणग्या खरवडून नेलेल्या. तरी गाव कामाला लागलं. आष्ट्याहून केरबा आचारी आला. त्यानं गावातली भांडी बघून नाक मुरडलं आणि माझ्या फळ्याकडे बोट केलं. काहिलीत रस्सा करायचा ठरला. लालासाहेब पाटलांनी सल्ला दिला, की जवानांना तिखट लागतं. सुभेदारांनी दिला, की लागत नाही, पोट बिघडलेली कंपनी मी बसऱ्यात बघितलीया. लीलाबाईंनी दिला, की आधी सांगलीला कळवा, दादा हळद तरी पाठवतील. मी म्हणालो, हळदीचं नाव या घरात काढायचं नाही. दोन दिवसांनी हळद आली, आणि हळदीबरोबर बाळासोंचा निरोपही आला, की जागा अजून रिकामी आहे.

धान्य मोजायला मला बसवलं. कुणी शेरभर, कुणी पायलीभर आणून ओतत होतं. साळूबाई धनगरीण आपलं एकुलतं बकरं दोरीनं ओढत घेऊन आली आणि माप धरायला माझ्याशेजारी बसली. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की त्याला हद्द पडते, लाभ म्हटलं की ते वाढतं, असं साळूबाईचं म्हणणं.

“लाभ,” ती म्हणाली आणि पहिलं माप पोत्यात ओतलं. मग हळूच मला विचारलं, “मास्तर, कंपनी म्हंजे माजा गुंडा आसंल की वो त्येच्यात?”

तिचा गुंडा मराठा पलटणीत, समुद्रापलीकडे. दोन वर्षं तोंड दिसलं नव्हतं. मी म्हणालो, “कंपन्या पुष्कळ असतात, साळूबाई.”

“आसंना का. एकांद्या टायमाला ह्यीच आसंल.”

मी मान खाली घालून पुढची मापं मोजायला लागलो. बकऱ्यानं माझ्या कोटाची बाही चघळली तरी मला कळलं नाही.

पाटलांनी मला कराडला पिटाळलं. एवढ्या पंक्तीला मामलेदार कचेरीची परवानगी लागत होती. ठरावीक आकड्याच्या वर पाहुणे जेवू घालणं गुन्हा. कारकुनानं पान जुळवता जुळवता विचारलं, “पाहुणे की लष्कर?”

“दोन्ही.”

“दोन्ही चालत नाही. पाहुणे असतील तर इतक्यांना मंजुरी नाही. लष्कर असेल तर लष्कराचा लेखी हुकूम आणा.”

“साहेब तोंडी म्हणाले, कंपनी आणतो.”

“किती माणसं?”

“कंपनी.”

“आकडा सांगा. मोजता न येणारा पाहुणा आमच्या दप्तरी नाही.”

त्यानं हे सहज म्हटलं आणि पान तोंडात टाकलं. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली. मोजता न येणारा! मी तिथल्या बाकावर बसलो आणि साहेबाचं वाक्य मनात परत परत म्हणून पाहिलं. आय शॅल ब्रिंग कंपनी. आय शॅल ब्रिंग... कंपनी. ‘ए’ कुठे होता? ‘ए’ नव्हता! सव्वाशे जवानांची कंपनी मोजता येते, तिला ‘ए’ लागतो. ‘ए’ नसलेली कंपनी म्हणजे नुसती सोबत. साहेब म्हणाला होता, सोबत घेऊन येतो. आणि ही गोष्ट मी, ज्यानं काहिलीच्या बुडावर हा धडा वर्षानुवर्षं लिहिला, तो मी ऐकून, नमस्कार करून, तरंगत घरी आलो होतो.

परवानगी मिळाली नाही. ती न मिळाल्याचं मला त्या क्षणी काही वाटलंही नाही.

घरी आल्यावर लीलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे दुधाला लागत नाही तो ए?”

“तोच.”

“मग सांगून टाका सुभेदारांना. आत्ताच्या आत्ता.”

सुभेदार आपला जुना गणवेश उन्हाला टाकून पदकं चिंचेनं घाशीत बसले होते. मी घाम पुसत ‘ए’ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्यो ए केवढा आसतोय?”

“अगदी एवढासा.”

“मग? सायबाच्या तोंडात चिरूट व्हता म्हनालासा. गिळला आसंल घाईत. येवढ्याश्या ए-पायी सव्वाशे जवान माघारी लावतासा व्हय?”

शेजारी बसलेले पाटील म्हणाले, “आन् आचारी आलाय, बकरी आल्यात. आता बाजार मोडला तर गाव आपल्या दोघास्नी काहिलीत घालंल.” ‘दोघास्नी’ म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते.

आता एकच उपाय, साताऱ्याला जाऊन साहेबालाच विचारायचं. शनिवारी उंब्रजला मोटार पकडली. तेव्हा पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मागे बंब बांधलेला, क्लीनर पंखा फिरवून निखारे फुलवायचा. पहिल्याच चढाला मोटार थांबली. सगळे उतरून ढकलायला लागलो. पुढच्या चढाला पुन्हा ढकलली. शेवटी अंगभर काजळी माखून आम्ही मोटार ढकलत परत उंब्रजलाच आणली, कारण तो उतार होता. साताऱ्याला कुणीच गेलं नाही. पैसे मात्र साताऱ्याचे घेतले.

उंब्रजहून गावाकडे चालत येताना आणखी एक घोळ कळला. चलेजावच्या धामधुमीपासून आमच्या पंचक्रोशीतली काही पोरं फरारी होती. म्हणजे पोलिसांच्या लेखी फरारी, आमच्या लेखी रोज दुपारी घरी जेवायला. गावात पलटण येणार ही बातमी शेजारच्या गावांत ‘पलटण गाव वेढणार’ अशी होऊन पोचली होती. फरारी पोरं उसात शिरली. त्यांना भाकरी देणारेही शिरले. ज्यांनी लेव्हीतून दोन पोती लपवली होती तेही शिरले. त्यात जवळजवळ सगळं गाव आलं. एकीकडे काहिलीत रस्सा चढवायची तयारी चालली होती आणि दुसरीकडे जेवणारे-वाढणारे उसात दबा धरून बसले होते. कंपनी जेवायला येतेय की धरायला, हेच त्यांना कळेना. आणि खरं सांगायला निघालेला एकटा मी, तर माझ्या तोंडाला काजळी. मला बघून कोंडीबा गुरव उसातूनच ओरडला, “मास्तर! तुमी बी तोंड काळं करून चाललासा व्हय?”

रविवार उजाडला. पत्रावळींच्या रांगा मारुतीच्या देवळापासून थेट चावडीपर्यंत. सुभेदार पदकं लावून वेशीत उभे. त्यांच्या शेजारी साळूबाई, केसाला तेल, हातात तूपसाखरेची वाटी. मला वाटलं, जमीन दुभंगावी. खोली गेली, वर्ग गेला, ते परवडलं. पण ह्या बाईला मी काय सांगू? खरं तर तेवढ्याच एका गोष्टीनं माझा जीव कासावीस झाला होता, बाकी सगळी फजिती सोसायची मी तयारी केली होती.

धुरळा उडाला. एक मोटार आली. तिच्यामागे दुसरी नाही, तिसरी नाही. कर्नलसाहेब उतरले. मग त्यांनी हात देऊन एका वाळक्या, पांढऱ्या केसांच्या मडमेला उतरवलं. तिच्या हातात छत्री होती.

“माय वाइफ,” साहेब म्हणाले.

सुभेदारांचा सलामीला वर गेलेला हात खाली यायचं विसरला. “मास्तर,” ते ओठ न हलवता म्हणाले, “कंपनी कुठं हाय?”

“हीच.”

“ही?”

“ए नसलेली.”

साहेबांची नजर पत्रावळींवरून फिरली. देवळापासून चावडीपर्यंत आणि परत. मग काहिलीवर. कपाळाला आठी पडली. लढाईच्या टंचाईत हे एवढं अन्न! त्यांनी मला कडक आवाजात काहीतरी विचारलं. मला त्यातला फक्त ‘हू’ कळला. हे सगळं कोणासाठी?

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून केरबा आचारी, ज्याला रस्सा निवल्याचं दुःख आवरत नव्हतं, तो उसाकडे तोंड करून ओरडला, “आवं, कंपनी न्हाई, बाई हाय! जेवाय या!”

ऊस हलला. आधी एक डोकं बाहेर आलं, मग दहा, मग सगळा फडच उठून चालायला लागला. कोंडीबा गुरव आला, पोती लपवणारे आले, आणि त्यांच्या गर्दीत मान खाली घालून ती फरारी पोरंही आली. तीन दिवसांची दाढी, अंगावर उसाची कुसं. साहेबांनी भुवया चढवल्या. एकेका तोंडाकडे निरखून बघायला लागले. ती पोरं माझ्याच वर्गात शिकलेली.

“अँड हू आर दीज?”

आणि माझ्या तोंडून, न ठरवता, न पाठ करता, एकच शब्द पडला. “कंपनी, सर.”

साहेब थबकले. मग चिरूट काढून हसायला लागले. इंग्रजीत घरी आलेल्या पाहुण्यांनाही कंपनीच म्हणतात, ‘ए’ न लावता, हे मी त्या दिवशी शिकलो. साहेब मात्र समजले, की मास्तरला इंग्रजी उत्तम येतं. “गुड कंपनी, आय होप,” म्हणाले आणि खाली बसले. कुणालाही नाव विचारलं नाही.

मडमेनं पत्रावळीकडे पाहून मान हलवली. तिला मटण वर्ज्य होतं, तिखट वर्ज्य होतं. तिनं एक केळं घेतलं. सव्वाशे माणसांच्या स्वयंपाकातलं कंपनीनं खाल्लेलं ते एक केळं. मग साळूबाई पुढं झाली. मोटारीत आणखी कुणी नाही हे तिनं दोनदा वाकून बघितलं होतं. ती मडमेसमोर बसली, भाकरी तूपसाखरेत कुस्करली आणि घास पुढे केला. “खा बाई. माज्या गुंडाच्या वाटनीचं हाय. त्यो आज न्हाई आला.”

मडमेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हर सन, मॅडम. इन द वॉर.” एवढं इंग्रजी मला आलं. मडमेनं छत्री बाजूला ठेवली, त्या हातातून घास घेतला आणि सगळी वाटी संपवली. दोघींचे डोळे भरले होते. माझेही भरले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सुपारी आली. मी खोलीचा विषय काढला. साहेब खुशीत होते. काळजी नको म्हणाले, कराडच्या मोठ्या शाळेचं नाव घेऊन काहीतरी बोलले आणि शेवटी मोठ्यानं म्हणाले, “देअर विल बी रूम फॉर युअर बॉइज.”

“रूम!” सुभेदार ओरडले. “दिली! खोली दिली सायबानं!” गावानं टाळ्या पिटल्या. लीलाबाईंनी दारातून माझ्याकडे कौतुकानं बघितलं, जे फार वर्षांत घडलं नव्हतं. टोप्या उडाल्या.

मी एकट्यानं टाळी वाजवली नाही. रूम. नुसतं रूम. ‘ए’ नव्हता. तुमच्या पोरांना कराडच्या शाळेत जागा करून देऊ, एवढाच त्याचा अर्थ. आमची पोरं रोज उठून कराडला कशी जाणार होती? खोली मिळालीच नव्हती, आणि ते त्या घोळक्यात फक्त मला कळलं होतं. गप्प बसलो असतो तर निदान त्या दिवशी माझा जयजयकार झाला असता. साहेब उठायला लागले. सुभेदार हार घेऊन पुढे निघाले.

“सर,” मी म्हणालो. आवाज चिरकला. “रूम, सर? ऑर... ए रूम?” आणि तो ‘ए’ पुन्हा चिरुटाच्या धुरात हरवू नये म्हणून मी एक बोट उभं केलं.

टाळ्या थांबल्या. साहेबांचा चेहरा आणखी लाल झाला. मडम त्यांच्याकडे बघत होती. तिनं नवऱ्याला काही म्हटलं नाही, फक्त साळूबाईचा हात हातात घेतला. सारं गाव माझ्या बोटाकडे बघत होतं. कशाचं बोट आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनीही एक बोट उभं केलं.

“ए रूम,” ते म्हणाले. “व्हेरी वेल, मास्टर. ए रूम.”

सुभेदार माझ्या कानाशी कुजबुजले, “आता ह्ये काय नवीन? आपल्याला आदीच दिली व्हती न्हवं?”

मी काही बोलायच्या आत साळूबाईनं साहेबांच्या आणि माझ्या उभ्या बोटांकडे बघितलं. कुणी एक बोट उभं करून ‘एक’ म्हटलं, तर त्याला हद्द पडते. म्हणून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “लाभ.”